पायरेट्स: ३० नंबरची जर्सी घ्यावी का? स्कीन्स, ग्रिफिन आणि पुढची चार वर्षं

नदीकाठी | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

लेकीला जानेवारीत दहा वर्षं पूर्ण होतील. वाढदिवसाला तिला एकच गोष्ट हवीय: पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाची काळी जर्सी, पाठीवर ३० आणि वर 'स्कीन्स'. येत्या शुक्रवारी सेल आहे, तेव्हाच घेऊन ठेवावी असं डोक्यात आहे. पण आमच्या घरातल्या जर्स्यांचं आजवर काय झालं ते आठवलं की हात आखडतो.

२००९ साली मी इथे पिटमध्ये (पिट्सबर्ग विद्यापीठात) एमएसला आलो. स्टायपेंडमधून साठवून पहिली जर्सी घेतली ती अँड्र्यू मकचनची, नंबर २२. २०१३ ला तो एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) झाला तेव्हा ती अंगावरून उतरत नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये क्लबने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. त्याच्या दोनच दिवस आधी गेरिट कोलला ह्यूस्टनला. मग २०२२ मध्ये कीब्रायन हेजने आठ वर्षांचा, सात कोटी डॉलरचा करार केला. आता हा कुठे जात नाही म्हणून बिनधास्त १३ नंबर घेतला. यंदा ३० जुलैला तोही सिनसिनाटीला गेला. बायकोने सगळ्या जर्स्या एका बॅगेत भरून माळ्यावर टाकल्यात.

ज्यांना पॉल स्कीन्स माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सगळ्यांत आधी निवडलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २०२४ ला वर्षातला सर्वोत्तम नवखा. आणि आता सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक, तेही एकमताने, पहिल्या पसंतीची सगळीच्या सगळी ३० मतं. इआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगांमागे दोन धावासुद्धा दिल्या नाहीत. आणि तरी त्याच्या नावावर जिंकलेले सामने १० आणि हरलेले १०! कारण आमचे बॅटर. अख्ख्या संघाने वर्षभरात ११७ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, ३० संघांत सर्वांत कमी. ७१ जिंकले, ९१ हरले.

माझं मत स्पष्ट आहे. स्कीन्सला हात लावू नये. मोठा करार झालेला नसला तरी २०२९ चा मोसम संपेपर्यंत तो क्लबच्या ताब्यात आहे, म्हणजे हातात चार वर्षं आहेत. बाकी तरुण पिचर भरपूर आहेत, त्यातले एक-दोन देऊन खरे बॅटर आणावेत. आणि १९ वर्षांच्या कॉनर ग्रिफिनला मार्चमध्ये पहिल्या सामन्यापासून शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) उभा करावा.

तुम्हाला काय वाटतं? आणि जर्सी घेऊ का?

काकाकुवा | २२ नोव्हेंबर, रात्री ९.५२

घ्या हो. पोर मागतेय.

शेगाव_कचोरी | २२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

जरूर घ्या. २०३० ला तो आमच्या न्यूयॉर्क यँकीजकडे आला की तोच नंबर राहू द्या, फक्त पट्ट्यापट्ट्यांची आणा :)

नदीकाठी | २२ नोव्हेंबर, रात्री १०.०९

कचोरीभाऊ, तुमचा प्रतिसाद येणार हे माहीत होतं. कोलच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात आणि खरं झालं, याचंच दुःख आहे.

जळगावकर | २३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

छान धागा. मी शाळेत पाच वर्षं सॉफ्टबॉल खेळलोय, जळगावात त्याचं वेड आहे, त्यामुळे खेळ कळतो. पण हे व्यवहार कळत नाहीत. 'देऊन टाकलं' म्हणजे काय? खेळाडूला विचारत नाहीत? आणि २०२९ पर्यंत 'ताब्यात' कसा, करार तर झालेला नाही म्हणता?

गणिती | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

@जळगावकर, थोडक्यात सांगतो.

ड्राफ्टमध्ये ज्या क्लबने उचललं त्याच्याकडेच मुलाला जावं लागतं. मग काही वर्षं मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवरचे संघ. आमच्याकडे ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना आणि शेवटी इंडियानापोलिस अशा चार पायऱ्या आहेत. मेजर लीगमध्ये आल्यावर सहा वर्षं तो त्याच क्लबचा. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (यंदा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन लवादाकडून पगार ठरतो. सहा वर्षं भरली की फ्री एजंट, मग जो जास्त देईल त्याच्याकडे. या सहा वर्षांत क्लब त्याला दुसऱ्या क्लबला देऊ शकतो, त्याची संमती लागत नाही. करारात तशी अट घालून घेतली असेल, किंवा दहा वर्षं खेळून त्यातली शेवटची पाच त्याच क्लबकडे काढली असतील, तरच तो नाही म्हणू शकतो.

'वर्ष' म्हणजे १७२ दिवस मस्टरवर. मोसम साधारण १८७ दिवसांचा. म्हणजे मुलाला सुरुवातीचे पंधरा-सोळा दिवस मायनरमध्ये ठेवलं की ते वर्ष भरत नाही आणि क्लबला एक वर्ष फुकट जास्त मिळतं. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटच्या बाबतीत हेच केलं. त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी! तो भांडला, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

आता धाग्याच्या विषयावर. मी नदीकाठी यांच्याशी पूर्ण असहमत. स्कीन्सला याच हिवाळ्यात विकावं. चार वर्षं शिल्लक असताना जी किंमत येईल ती तीन असताना येणार नाही. शंभर मैलांच्या आसपास चेंडू टाकणाऱ्या पिचरचं कोपर कधी जाईल सांगता येत नाही. जॅरेड जोन्सचं काय झालं ते पाहिलंत, २०२४ ला काय सुंदर सुरुवात केली होती आणि यंदा मे महिन्यात कोपराची शस्त्रक्रिया, वर्ष गेलं. हा खेळ १६२ सामन्यांचा आहे. पिचर त्यातले ३२ सुरू करतो. त्याच्या बदल्यात रोज खेळणारे तीन-चार चांगले बॅटर मिळत असतील तर हिशोब सरळ आहे.

पोटोमॅक | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

गणिती, तुमचा हिशोब कागदावर बरोबर आहे. मी वॉशिंग्टनमध्ये राहतो, आम्ही तो हिशोब प्रत्यक्ष जगलोय. ऑगस्ट २०२२ मध्ये नॅशनल्सनी हुआन सोटोला सॅन डिएगोला दिलं. बदल्यात अब्राम्स, गोर, जेम्स वुड आणि आणखी काही. त्यातले तिघेही ऑलस्टार झाले! इतका चांगला सौदा क्वचितच होतो. आणि यंदा आम्ही किती हरलो? ९६.

सोटो गेला त्या दिवशी माझ्या मुलाने मला विचारलं होतं, 'बाबा, आपण आता कोणाला बघायला जायचं?' मला उत्तर सुचलं नाही. २०१९ चं विश्वविजेतेपद त्याने सोफ्यावर माझ्या मांडीवर बसून पाहिलं होतं. सोटो तेव्हा २१ चा.

नदीकाठी, घेऊन टाका जर्सी.

डॉ_पाटा | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

कोपराचा विषय निघालाच आहे तर, मी अस्थिरोगाचा डॉक्टर. आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला की दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, म्हणून तिला आजही त्याचंच नाव. तो माणूस त्यानंतरही बरीच वर्षं खेळला. आता बहुतेक जण परततात, पण वर्ष-सव्वा वर्ष जातं. 'कोपर गेलं म्हणजे संपला' असं राहिलेलं नाही, हे गणितींच्या हिशोबात धरायला हवं. मात्र भीती खरी आहे. शंभरच्या वेगाला तो लिगामेंट आपल्या ताकदीच्या अगदी काठावर असतो.

विरारफास्ट | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण १९ वर्षांच्या पोराला खेळवावं की नाही हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. आमच्या विरारचा आयुष म्हात्रे १७ व्या वर्षी चेन्नईकडून आयपीएल खेळला. वैभव सूर्यवंशीने तर १४ व्या वर्षी ३५ चेंडूंत शतक ठोकलं. खेळता येतंय तर खेळवा. वय बघून काय करायचंय?

शेगाव_कचोरी | २३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

@विरारफास्ट, आणि विनोद कांबळी? पृथ्वी शॉ? १८ व्या वर्षी पदार्पणात कसोटी शतक काढलं होतं पृथ्वीने. पोर तयार आहे की नाही ते बॅट बघून कळत नाही हो नेहमी.

विरारफास्ट | २३ नोव्हेंबर, दुपारी १.१८

मुद्दा आहे. पण दोघांना थांबवून ठेवलं असतं तर वेगळं काही झालं असतं का? मला नाही वाटत. कोण सोबत आहे, घर कसं आहे, त्यावर जास्त ठरतं.

घाटरस्ता | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

मी अल्टूनात राहते, ग्रिफिनला डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते.

आमचं स्टेडियम छोटं. राइट फील्डच्या भिंतीमागे जुनी लाकडी रोलर कोस्टर आहे, ती सामना चालू असतानाही दिसत राहते. इथे कायम कोणी राहत नाही. चांगला खेळला की इंडियानापोलिस, नाही खेळला की घरी. त्यामुळे आम्ही नावं लक्षात ठेवत नाही. पण ऑगस्टमध्ये ग्रिफिन वर आला आणि गावात पार्किंग मिळेना.

सप्टेंबरात एका संध्याकाळी हॉस्पिटलमधून थेट गेले, तिसऱ्या रांगेत बसले. सव्वासहा फुटांच्या वर उंची, खांदे रुंद, आणि चेहरा बारावीच्या मुलाचा. सरावाला शॉर्टस्टॉपवर त्याच्या उजवीकडे खोलवर चेंडू मारत होते. तो दोन ढांगांत पोचायचा, आणि मग घाई नाही. पाय रोवायचा, चेंडू एकदा बोटांत फिरवून शिवण पकडायचा आणि सोडायचा. पहिल्या बेसवरच्या ग्लोव्हचा आवाज आमच्यापर्यंत यायचा, इतर कोणी टाकला की यायचा नाही. माझ्या शेजारी एक आजी होत्या, वीसेक वर्षं येतायत. त्या शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त स्कोअरकार्डवर त्याच्या नावाखाली रेघ मारली.

आकडेही सांगते. यंदा तीन पायऱ्यांवर मिळून ३३३ ची सरासरी, २१ होम रन, ६५ बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळाला). हायस्कूलमधून येऊन पहिल्याच पूर्ण वर्षात. २०२४ च्या ड्राफ्टला तो नववा निवडला गेला, कारण आधीच्या आठ क्लबांना वाटलं की हा चेंडू फार चुकवेल.

पण माझं मत: त्याला एप्रिलमध्ये आणू नका. अल्टूनात तो जेमतेम महिनाभर होता. इंडियानापोलिसला दोन महिने खेळू दे, मोठमोठ्यांचे वाकडे चेंडू बघू दे. १७२ दिवसांचा हिशोब डोक्यात ठेवून नव्हे, त्याच्या भल्यासाठी म्हणतेय.

काकाकुवा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४१

आजींनी मारलेली रेघ! सुंदर प्रतिसाद.

मिलवॉकीची_मावशी | २३ नोव्हेंबर, रात्री ८.०५

घाटरस्ता, प्रतिसाद आवडला. आता माझं ऐका. आमचं मिलवॉकी पिट्सबर्गएवढंच लहान शहर, पैसा तेवढाच. यंदा ९७ सामने जिंकलो, मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. कसं?

कॉर्बिन बर्न्स, साय यंगवाला, त्याला २०२४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला दिला. डेव्हिन विल्यम्सला डिसेंबरात यँकीजना. लोक इथेही रडले. पण बर्न्सच्या बदल्यात आलेला ऑर्टिझ आमचा शॉर्टस्टॉप झाला आणि विल्यम्सच्या बदल्यात आलेला डर्बिन तिसऱ्या बेसवर. म्हणजे विकणं वाईट नाही, विकून काय आणता ते महत्त्वाचं.

आणि दुसरी बाजू. जॅक्सन चुरिओला आमच्या लोकांनी मेजरमध्ये एक चेंडू खेळायच्या आधी आठ वर्षांचा ८ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला, डिसेंबर २०२३ मध्ये. तो तेव्हा १९ चाच होता. तुमच्या ग्रिफिनचं तसंच करा. एकदा करार झाला की ते १७२ दिवसांचं लफडंच संपतं, मग खुशाल पहिल्या दिवशी खेळवा.

नदीकाठी | २३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

मावशी, चुरिओसारखा करार हेच माझ्याही मनात आहे, मूळ लेखात लिहायचं राहिलं. कॅन्सस सिटीनेही बॉबी विटला ११ वर्षं, २८ कोटी ८७ लाख दिले. तेही काही मोठं शहर नाही. म्हणजे लहान शहराला जमत नाही असं नाही, मालकाच्या मनात असावं लागतं. आमच्या क्लबच्या इतिहासात १० कोटींच्या वरचा करार एकच, ब्रायन रेनॉल्ड्सचा, २०२३ मध्ये. स्टेडियममध्ये लोक 'संघ विका' म्हणून उगाच ओरडत नाहीत.

विकून काय आणता, याबद्दल मात्र आमचा अनुभव लिहितो, कारण गणितींना तो माहीत असूनही ते विसरतायत. कोलच्या बदल्यात चौघे आले. त्यातला एकच, जो मस्ग्रोव्ह, खरा निघाला, आणि २०२१ च्या जानेवारीत त्यालाही सॅन डिएगोला दिला. एप्रिलमध्ये त्याने त्या क्लबच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पुरा केलेला सामना) टाकला! त्याआधी २०१८ च्या ३१ जुलैला क्रिस आर्चरसाठी ग्लास्नाउ, मेडोज आणि बाझ असे तिघे टँपाला दिले. ग्लास्नाउ आत्ता तीन आठवड्यांपूर्वी डॉजर्सकडून विश्वविजेता झाला. त्या रात्री मी टीव्ही बंद करून बाहेर अंगणात जाऊन बसलो.

गणिती | २३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

विसरलो नाही. पण तुम्हीही एक गोष्ट सोडून देताय. मकचनच्या बदल्यात कोण आला? ब्रायन रेनॉल्ड्सच ना? ज्या आठवड्यात कोलचा वाईट सौदा झाला त्याच आठवड्यात मकचनचा चांगला सौदा झाला. ओनील क्रूझही २०१७ मध्ये टोनी वॉटसन नावाच्या एका रिलीव्हरच्या (सामन्याच्या मध्येच येणाऱ्या पिचरच्या) बदल्यात आला, तेव्हा तो पोरगेला होता. आणि डॉक्टरसाहेबांचा मुद्दा मान्य. पण सव्वा वर्ष म्हणजे चारातलं सव्वा वर्ष.

क्रूझवरून आठवलं. त्याचं काय करायचं?

शेगाव_कचोरी | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४४

क्रूझ मला द्या. मे महिन्यात त्याने मारलेला तो चेंडू! ताशी १२२.९ मैल. मोजायला लागल्यापासून इतक्या जोरात कुणीच मारलेला नाही.

पोटोमॅक | २३ नोव्हेंबर, रात्री ९.५०

आणि सरासरी २००. २० होम रन, ३८ चोऱ्या, आणि दर पाचांतून चारदा बाद. सहा फूट सात इंचांचा माणूस, स्ट्राइक झोन (पिचरने चेंडू टाकायची चौकट, ती उंचीवर ठरते) केवढा मोठा बिचाऱ्याचा. मी तरी त्याला विकणार नाही. असा खेळाडू एखाद्या वर्षी अचानक उमजतो, आणि तो नेमका दुसऱ्याच्या अंगणात उमजला तर झोप लागणार नाही.

जुनाजाणता | २४ नोव्हेंबर, पहाटे ५.१५

सगळे प्रतिसाद वाचले. मी १९७७ पासून पिट्सबर्गला आहे. तेव्हा पोलादाच्या भट्ट्या चालू होत्या, रात्री आकाश तांबडं दिसायचं. पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ नवीन होतं. पायरेट्सनी जिंकलेली १९७९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, आम्ही सहा मराठी मुलांनी एका खोलीत पाहिली. स्टारजेल ३९ वर्षांचा होता, सगळा संघ त्याला बाबा म्हणायचा. तेव्हा वाटलं, हे असं दर चार-पाच वर्षांनी होणार. त्यानंतर एकदाही नाही.

१४ ऑक्टोबर १९९२ सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मले नसतील. अटलांटात लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. आम्ही नवव्या इनिंगपर्यंत २-० पुढे. मग एकेक करत सगळं निसटलं. शेवटी सिड ब्रीम, जो पूर्वी आमचाच होता, गुडघे कामातून गेलेला, दुसऱ्या बेसवरून पळत निघाला. लेफ्ट फील्डमधून बॅरी बॉंड्सने फेकला. ब्रीम घसरत आला आणि बोटभर अंतराने वाचला. ३-२. त्या हिवाळ्यात बॉंड्स गेला, ड्रेबेक गेला. ड्रेबेक म्हणजे १९९० चा साय यंग विजेता. त्यानंतर सलग २० मोसम आम्ही जिंकण्यापेक्षा हरलो जास्त. वीस! माझी मुलगी बालवाडीत होती ती लग्न होऊन गेली.

म्हणून गणिती यांना सांगावंसं वाटतं. पायरेट्सना साय यंग विजेते मिळाले तीन. १९६० चा व्हर्न लॉ, ड्रेबेक आणि हा. एवढ्या वर्षांत तीन. तुम्ही त्याच्या जागी चार बॅटर आणाल, पण त्या दिवशी तो टाकणार आहे म्हणून संध्याकाळी पुलावरून चालत येणारी जी माणसं आहेत, त्यांना तुमच्या वहीत कुठे धरलंय?

नदीकाठी, तुम्ही पिटचे विद्यार्थी. पॉस्व्हर हॉलमध्ये जमिनीत काचेखाली फोर्ब्स फील्ड या जुन्या मैदानाची होम प्लेट (बॅटर उभा राहतो तिथली पाटी) आहे, ती बघितलीच असेल.

नदीकाठी | २४ नोव्हेंबर, सकाळी ८.००

काका, ती प्लेट रोज ओलांडून वर्गात जायचो! पहिले दोन महिने माहीतच नव्हतं ते काय आहे. मग एक १३ ऑक्टोबर आला, बाहेर फोर्ब्स फील्डची जी भिंत उरलीय तिथे म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन बसलेली आणि रेडिओवर १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना लावलेला. निकाल सगळ्यांना माहीत आणि तरी नवव्या इनिंगला सगळे श्वास धरून. मझरोस्कीचा विजयी होम रन झाला तसे उठून ओरडले. पायरेट्सचा मी झालो तो त्या दुपारी.

सांगलीकरीण | २४ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

अवांतर: पीएनसी पार्कला (पायरेट्सच्या स्टेडियममध्ये) गेले होते तेव्हा पिरोगींचे मुखवटे घातलेली माणसं धावताना पाहिली. ते काय आहे? आणि पिरोगी म्हणजे उकडीची करंजीच ना?

शेगाव_कचोरी | २४ नोव्हेंबर, सकाळी १०.२२

करंजीला मध्ये आणू नका, भांडणं होतील.

घाटरस्ता | २४ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

पोलंड-युक्रेनकडून आलेल्या कामगारांनी आणलेला पदार्थ. आत बटाटा नि चीज, उकडून मग लोण्यात कांद्यावर परततात. सामन्याच्या मध्यात त्यांची शर्यत लावतात. माझ्या सासूबाई खाऊन म्हणाल्या, 'सारणात मिरची-कोथिंबीर हवी होती.' आता आम्ही घरी तशीच करतो.

जळगावकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

अवांतर चालूच आहे तर: उत्तर प्रदेशातले ते दोन भालाफेकपटू मुलगे पायरेट्सकडेच होते ना? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल?

जुनाजाणता | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

हो. २००८ च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी घेतले. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले पहिले भारतीय. त्याआधी वर्षभरापूर्वी दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. खालच्या पायऱ्यांवर खेळले, मेजरपर्यंत पोचले नाहीत. पण इथल्या देवळात त्या हिवाळ्यात तेवढीच चर्चा होती.

माझी सूचना: मुलीला क्लेमेंतेची २१ नंबरची जर्सी घ्या. तो कुठेही जाणार नाही. १९५४ ला डॉजर्सनी त्याला मायनरमध्ये दडवून ठेवला होता, आमच्या लोकांनी नियमातली फट शोधून चार हजार डॉलरात उचलला. १८ मोसम इथेच. बरोबर ३००० हिट. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान समुद्रात पडलं. पीएनसी पार्कची राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे ती त्याच्यासाठी.

नदीकाठी | २४ नोव्हेंबर, रात्री ८.२०

काका, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तो खूप चांगला होता. पण बाबा, मला जो खेळताना दिसतो त्याची हवीय. मी हाक मारली तर तो बघू शकतो.'

माझ्याकडे यावर उत्तर नाही.

गणिती | २४ नोव्हेंबर, रात्री ९.००

माझ्याकडेही नाही. घ्या जर्सी.

विकण्याबद्दलचं मत मी बदललेलं नाही, पण थोडं सरकतो. पिचर शिल्लक आहेत हे खरं आहे. बबा चँडलर ऑगस्टमध्ये आला, पहिल्याच सामन्यात शेवटच्या चार इनिंग टाकून सेव्ह घेतला (आघाडी शेवटपर्यंत राखली), एक धाव दिली नाही. अ‍ॅशक्राफ्ट, बरोज, बार्को आहेत. हर्नांडेझ यंदाच्या ड्राफ्टमधला सहावा, तो आत्ताच शाळेतून आलेला. जोन्स परत येईल. यातले दोन देऊन एक खरा बॅटर आला तर स्कीन्सला २०२७ पर्यंत ठेवा, मग विचार करा. पुढच्या वर्षी, १ डिसेंबर २०२६ ला, खेळाडू संघटना आणि मालकांचा करारही संपतोय. नवीन करारात पगाराला कमाल मर्यादा आली तर लहान शहरांचं चित्रच बदलेल. तोवर विकण्यात घाई नको, हे मान्य.

मिलवॉकीची_मावशी | २४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

गणिती सरकले! धाग्याचं सार्थक झालं.

पोटोमॅक | २४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

आणि मकचन? ३९ वर्षांचा झाला, करार संपलाय. परत आणावं का?

नदीकाठी | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

मनापासून हवंय, आणि डोकं म्हणतं की ती जागा एखाद्या तरुणाला द्यावी. २०२३ ला तो परत आला तेव्हा पहिल्या घरच्या सामन्याला मी माळ्यावरून २२ नंबर काढून घालून गेलो होतो. तो बॅटिंगला आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याने हेल्मेट काढलं. लेक सात वर्षांची होती, तिला खांद्यावर घेतलं होतं. तिने विचारलं, 'सगळे का रडतायत?' ती तेव्हापासून पायरेट्सची.

म्हणजे गेलेले परतही येतात. हे मीच विसरलो होतो.

घाटरस्ता | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

नदीकाठी, मार्चमध्ये ब्रॅडेंटनला जाता आलं तर लेकीला घेऊन जा. सराव सामन्यापेक्षा सकाळी पायरेट सिटीत (क्लबच्या सराव केंद्रात) जा, मैदानं जवळजवळ आहेत, मुलं कुंपणाला लागून उभी राहतात. तिथे खरंच हाक ऐकू जाते. ग्रिफिन आणि स्कीन्स दोघंही दिसू शकतील.

नदीकाठी | २८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

सेल सुरू झालाय, वेबसाइट उघडून बसलोय. ३० नंबर, काळी. फक्त साइज विचारायचीय. आत्ता मीडियम अगदी बरोबर बसते. मीडियम घेऊ की लार्ज?

जुनाजाणता | २८ नोव्हेंबर, सकाळी ६.५८

लार्ज. २०२९ पर्यंत पुरली पाहिजे.

नदीकाठी | २८ नोव्हेंबर, सकाळी ७.०३

लार्ज मागवली.